आता बुरशी पाळायची म्हणं

...आन् आता म्हणं बुरशी पाळायची. सांगतंय कोण, तर कृषी खात्याच्या पूनम मॅडम, आन् कुणाच्या घरात, तर आबासाहेबांच्या बायकोच्या, गोजरबाईंच्या, ज्यांच्या लोणच्याच्या बरणीला तीस वर्षांत बुरशीचा ठिपका शिवला न्हाय. तुमाला सांगतो, माढ्याजवळ त्यांची चारशे डाळिंबं, बाईंनी सोताच्या हातानं लावलेली... त्यातलं एक आज पिवळं पडायचं, आठवड्यात खराट्यावानी वाळायचं, मग त्याच्या शेजारचं. बाई वाळल्या झाडाला नुसता हात लावून यायच्या. आबासाहेबांनी काय करावं?

मॅडम म्हणाल्या, "आबा, मुळांना मातीतली बुरशी लागलीय. तिला खाणारी दुसरी बुरशी असते, ट्रायकोडर्मा. शेणखतात मिसळा, सावलीत ओल्या पोत्याखाली वाढू द्या, मग मुळाशी घाला. वाळलेलं झाड उठणार नाही, पण शेजारचं वाचेल."

"बुरशीवर बुरशी?" आबासाहेब म्हणाले. "उद्या म्हणाल, घुशीला घूस राखण ठेवा."

पण दुसरा इलाज हाय कुटं? बुरशी पाळायची, तर पाळायची. आबासाहेबांनी ट्रायकोडर्माची पुडी आणली, शेणखतात कालवून ढीग केला, पोती पांघरली, रोज पाणी शिंपलं, आन् आठव्या दिवशी पोतं उचलून बघतात तर हिरवी-पांढरी साय धरलेली... माणूस असा हरखला, जणू नातवाला पहिला दात आला. आन् दुपारी बघतात, तर ढिगाला फिनेलचा वास. आता फिनेल कुणी वतलं असंल, सांगा बरं?

"मला वाटलं, खत नासलं," गोजरबाई म्हणाल्या. आन् ज्यांना कधी कुणी रडताना बघितलं न्हाय, त्या तितंच मातीत बसून रडल्या. "माज्याच हातानं मारली की वो मी तिला."

आबासाहेबांनी गाडी काढली, माढ्यातनं दुसरी पुडी आणली, बाईंच्या हातात दिली. "आता तूच पाळ."

पाळली की. तेवीस झाडं गेली ती गेलीच, पण औंदाचा पावसाळा सरला तरी चोविसावं काय वाळलं न्हाय. बाई आता ढिगाजवळ कुणाला चप्पल घालून फिरकू देत न्हाईत.

परवा आबासाहेब तापानं फणफणलेले, घसा कोरडा... "अगं, घोटभर पाणी दे की."

बाई बादली घेऊन उंबऱ्यात. "थांबा जरा. पोती सुकल्याती, आदी तिला पाजून येते."

आबासाहेबांनी घोंगडी डोक्यावर ओढली. "जा. मला काय, नुसता एकशे दोन ताप हाय."