गाय न धरलेलं गाव

किर्गिझस्तानातल्या नारीनच्या थांब्यावर मिनीबस भरायची वाट बघत ड्रायव्हर असानकुल पेंगत होता. मागच्या खिडकीत शहराला निघालेली एक मुलगी आणि बाहेर तिला पोचवायला आलेली आई, अशा दोघींचं चाललं होतं.

"आपा, डोंगरावरचं हिमतळं फुटलं तर पाणी कुठवर येईल, ते कॉम्प्युटरवर बघतो आम्ही."

"त्यात आपलं घर आहे?"

"घरं धरत नाही. नुसता उतार आणि पाणी."

"गोठा?"

"नाही."

"गाय तरी?"

"गाय पण नाही."

"आणि मी?"

"तू पण नाही, आपा. सगळंच धरलं तर हिशेब व्हायचा नाही."

"वा! एवढं शिकवलं, तर आईलाच गाळलंस."

"गाळलं म्हणून तर पाण्याची वाट दिसली."

"कुठवर आलं मग?"

"बस भरत आली बघ, आपा."

"अगं, सांग की."

"आपली चूल बुडते."

"चूल धरली नव्हतीस ना?"

"जागा तीच आहे, आपा."

घर सोडून निघणाऱ्याने चाखायचा म्हणून लेकीसाठी आणलेला नान म्हातारीने मोडला आणि पहिला घास स्वतःच खाल्ला. मग ती पुढच्या खिडकीशी आली.

"काय रे पोरा, गाडीत गाय घेतोस का?"