रक्त काढण्याआधी

वडील गेल्यापासून त्यांच्या घोड्याला जनावरांच्या दवाखान्यात तीच आणायची. आज बाकावर शेजारी एक बापलेक बसले होते.

“बाबा, रक्त काढण्याआधी घोडीला घरातलं उरलेलं औषध टोचलंत ना?”

“तापाने फणफणली होती गं. नुसता बघत बसू?”

“म्हणून रक्तात जंतू सापडेनात! गोचिडीचा ताप आहे की आणखी काही, डॉक्टरांना कळणार कसं?”

“सांगितलं तर ओरडतील.”

“ओरडू देत. घोडी गेली म्हणजे?”

“सांगतो बाई. गोचिड्या मीच बोटांनी उपटल्या, तेही सांगतो.”

“हात बघू. बाबा, केवढं अंग तापलंय तुमचं!”

“उन्हातून आलोय.”

“तासभर पंख्याखाली बसलोय आपण.”

“हळू बोल. आधी घोडीचं होऊ दे.”

शेजारी ऐकत बसलेली ती उठली आणि तिने आपल्या घोड्याच्या, त्यांच्याआधीच्या नंबरची चिठ्ठी त्या मुलीच्या हातात ठेवली.