बोट, गार्ड आणि ड्रामाटाइज

…छे हो, मी कुठे वाढवून सांगतोय? बोट कमी झालंय माझं, वाढवणार काय! हे बघा, मधलं. वरचं पेर गेलं. सातपूरला कारखान्यात पॉवर प्रेसवर पत्रा सरकवताना गेलं, आणि चौकशीला बसलेले सेफ्टीचे साहेब मला म्हणतात कसे, "कारभारी, झालं तेवढंच सांगा, ड्रामाटाइज करू नका!" म्हटलं, साहेब, मशीनला हात अडवणारं गार्ड नव्हतं, एवढंच म्हणतोय… "बघा, परत ड्रामाटाइज!"

घरी लेकीला विचारलं. वेदिकाने मोबाईलवर बघितलं, म्हणाली, "पप्पा, गोष्टीचं नाटक करणं, हा एक अर्थ. तिखटमीठ लावून सांगणं, हा दुसरा." आतून आमची मनीषा, "मग दोन्ही येतं की तुझ्या पप्पांना!" घ्या!

बरं, मार्चात आला सेफ्टी सप्ताह. तेच साहेब, तोच मी, पण आता खांद्यावर हात! "कारभारी, तुमच्या अपघाताचं नाटुकलं बसवू. जरा ड्रामाटाइज करा ना! लोकांच्या अंगावर काटा आला पाहिजे!" तुम्हाला सांगतो, हसू का रडू कळेना. चौकशीत आवाज खाली आणि स्टेजवर बोंबलायचं? तरी हो म्हटलं. का? दुसऱ्या शिफ्टला त्याच प्रेसवर बुधा बसतो. त्याची बोटं शाबूत आहेत अजून. म्हटलं, मालक पहिल्या रांगेत असणार, बघतील, गार्ड बसवतील… दुसरं काही नको होतं हो मला!

नाटकातली प्रेस पुठ्ठ्याची. शेवटी तिला पिवळंधमक गार्ड लागतं आणि सगळे सुखी, असं साहेबांनीच लिहिलेलं. मी बोट धरून ओरडलो आणि काय सांगू, नाटक राहिलं बाजूला, त्या दिवशीचंच ओरडणं आलं, पोटातून. बुधा डोळे पुसतोय. मग टाळ्या! मालकांनी शाल घातली. मी माईकवर म्हटलं, "मालक, खऱ्या मशीनला पण…" साहेबांनी माईकच ओढला. कानात म्हणतात, "बस, आता ड्रामाटाइज नको."

दुसऱ्या दिवशी प्रेस तशीच, उघडी. माझं डोकंच फिरलं. ते पुठ्ठ्याचं गार्ड उचललं आणि सुतळीने बांधलं खऱ्या प्रेसला. म्हटलं, लाज तरी वाटेल कुणाला! साहेब आले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, मोबाईल काढून फोटो घेतला…

"वा कारभारी! फोटोत अगदी खरं दिसतंय. राहू द्या असंच!"

राहू दिलंय मग. बुधाला म्हटलं, बाबा, हात तुझा तूच सांभाळ.