बोथट कागद

शिवराज : दुमडू नका ओ अक्का. घेतला नाही अजून तुम्ही. घडी पडली की दुसरं कोण नेणार तो?

जयाबाई : दुसऱ्यानं न्हेऊच ने. ह्ये बघ, एकदा दुमडला तर वाळू गळाय लागली. काउंटरवर हात फिरव जरा.

शिवराज : थोडं पडतंयच की ओ. दुकानात पालीश पेपर दुमडून कोण बघतंय? अण्णा, तुम्हीच सांगा बघू. कुठला नंबर देऊ?

भरमा : लाल पेपर दे. ऐंशी नंबर, धा कागद, नेहमीचे. चला वैनी, मला दोनला फॅक्टरीत ड्यूटी हाय.

जयाबाई : बांदू नको रं शिवराज. आनि भावजीस्नी इचारू नको. लेथवर त्ये बसत न्हाईत, मी बसतो. मालक गेल्यापास्नं तीन वरसं पिरनवाडीतला लाकूडकामाचा लेथ मीच चालवतो.

शिवराज : मला काय माहीत ओ. मष्णू अण्णा असताना हाच पेपर जायचा तुमच्याकडं. आमचे वडील सांगायचे, ते सायकल लावायच्या आत दहाचा गठ्ठा बांधून ठेव. विचारायचंसुद्धा नाही.

जयाबाई : तिथंच चुकलं. कुनी कवा इचारलंच न्हाय.

भरमा : म्हंजे दादाला कळत नव्हतं म्हना की. चाळीस वरसं वडगावच्या हातमागवाल्यांस्नी धोट्यातल्या, सूत गुंडाळायच्या कांड्या करून दिल्या त्येनं. एक कांडी परत आली न्हाय. तुमच्या गेल्या म्हैन्यात साठच्या साठ आल्या.

जयाबाई : आल्या. पोत्यात भरून बशीतनं मीच आनलत्या, तुमी न्हाय. वडगावचा मागवाला महादेव म्हनला, आक्का, कांडीवर रेशीम अडकतंय, धागा तुटतोय, मागावरचं मानूस दिसभर गाठी मारत बसतंय.

भरमा : आनि मग तुमीच कबूल झालासा. आता उद्यापातुर बारा कांड्या करून द्यायच्या. त्याबी परत आल्या तर लेथ इकायचा. सांबऱ्याचा परशराम ऐतवारी बघायला येनार हाय. मी त्याला शब्द दिलाय.

शिवराज : लेथ विकताय? मग कशाला ओ पेपरावरनं एवढं डोकं? बारा कांड्यांना लाल पेपर बक्कळ झाला.

जयाबाई : बारा कांड्यांवरच तर लेथ टांगलाय, बाबा. त्यो दुसरा पेपर काढ. वर ठेवलाय त्यो. मागनं कापड लावल्याला.

शिवराज : कापडी? तो महाग पडतोय. मोठ्या फर्निचरवाल्यांना जातो. तुमच्या घरगुती कामाला…

जयाबाई : घरगुती काम म्हंजी काय रं? भाकरी? लेथला मोटार हाय, हत्यारं हायत, बोटाला टाकं पडल्यात चार. घरात चालतो म्हनून घरगुती व्हय?

शिवराज : चुकलं ओ अक्का. काढतो. हा घ्या कापडी, रोलमधनं फुटावर कापून देतो. आणि हा बघा, एकदम भारी माल. काळा, वॉटर पेपर. पाण्यात बुडवा, काय होत नाही. पाकिटावर चित्रसुद्धा कसलं देखणं आहे.

जयाबाई : चित्र घासायचं हाय व्हय मला? ह्यो गाडीच्या रंगकामाचा. आमचं लाकूड हळदूचं, पिवळं. ह्येची काळी पूड त्यात बसती, ती रेशमाला लागती. महाग हाय म्हनून चांगला न्हाय, आनि सस्ता हाय म्हनून परवडतोय असं न्हाय.

भरमा : लई शिकलासा की. कुनी शिकवलं ह्ये?

जयाबाई : परत आलेल्या कांड्यांनी.

भरमा : वैनी, मी वैरी न्हाय तुमचा. अट्ठावन्न वय झालं तुमचं. हातात ती धार न्हाय ऱ्हायली, एवढंच म्हनतोय मी. दादाचा हात निराळा हुता.

जयाबाई : मलाबी तसंच वाटलं, भावजी. म्हनून तर कबूल झालो. पंदरा दिस भाकरी थापताना मी माज्या हाताकडं बघत हुतो. गेला, म्हनलं, हात गेला. जेवन ग्वाड लागत नव्हतं मला. तुमास्नी सांगितलं न्हाय.

भरमा : सांगायचं की.

जयाबाई : सांगून काय, तुमी परशरामला ऐतवारच्या ऐवजी बेस्तरवारीच बोलावला असता. शिवराज, जरा पायरीवर बसू का? ही पिशवी घिऊन?

शिवराज : बसा की. गिऱ्हाईक नाहीच आता. काय आहे त्यात?

जयाबाई : परत आल्याल्यातल्या दोन कांड्या. आनि हा रेशमाचा धागा, महादेवच्या मालकिनीकडनं मागून घेतला. भावजी, ही कांडी धरा. हात फिरवा वरनं. कशी लागती?

भरमा : गुळगुळीत हाय. काचंवानी.

जयाबाई : शिवराज, तूबी बघ.

शिवराज : झकास आहे की ओ. चमकतेय.

जयाबाई : आता भावजी, धागा कांडीवरनं टोकाकडं वडा. धोट्यात सुटतो तसा. हळू.

भरमा : हं… अडकला. परत वडतो. तुटला की.

शिवराज : गुळगुळीत असून कसा काय तुटला?

जयाबाई : त्ये आता ऐका. आमच्या घरात ऐंशीचा, जाडाभरडा, एकच कागद चालतो. नवा असताना त्यानं खरबडायचं, आनि घासून घासून बोथट झाला की त्यानंच शेवटचा हात मारायचा. मालक म्हनायचे, बोथट कागद म्हंजी बारीक कागद. वेगळा इकत कशाला घ्यायचा? घरात एक पत्र्याचा डबा हाय, बिस्किटाचा. त्यात सगळं बोथट कागद. त्येंनी साठवल्यालं.

भरमा : खरं हाय की. दादाची ती युक्तीच हुती. पिरनवाडीत सगळ्यांनी उचलली.

जयाबाई : सगळ्यांचं चुकतंय मग. बोथट कागद खरबडत न्हाय, नुसता चोळतोय. लाकूड तापतं, चमकतं, आनि ऐंशीच्या खोल रेघा चमकीच्या खाली तशाच ऱ्हात्यात. आनि त्या कशा ऱ्हात्यात? कांडी लेथवर फिरत असताना घासली, म्हनून गोल गोल. बांगड्यांवानी. आनि धागा सुटतो उभा. एकेक बांगडी आडवी लागती त्येला.

शिवराज : अय्यो. म्हणजे हात कितीही चांगला असू दे.

जयाबाई : हात कितीबी चांगला असू दे.

भरमा : मग दादाच्या कांड्या कशा चालल्या चाळीस वरसं?

जयाबाई : तवा जाडं सूत हुतं. सूत रेटून जातंय. आता महादेवनं शहापूरच्या गिऱ्हाईकासाटी रेशीम लावलंय, केसापरीस बारीक. सूत बदललं, आमी बदललो न्हाय. मला त्येंचा राग येतो, भावजी. गेल्याल्या मानसाचा राग येतो. जे शिकवलं त्ये मी देवाचं म्हनून धरलं, आनि खोट निघाली तवा दोष माज्या हाताला लागला. तुमी लावलासा. मीबी लावला.

भरमा : मला काय ठावं हुतं ह्ये?

जयाबाई : ठावं नव्हतं, तर हाताला नावं ठेवायची न्हाय. शिवराज, कापडी पेपराचं तुकडं दे बोटभर बोटभर. एकशेवीस, एकशेऐंशी, दोनशेवीस, तीनशेवीस. एकबी मधला गाळू नको.

शिवराज : चार-चार नंबर कशाला ओ? एकशेवीसनंतर डायरेक तीनशेवीस घ्या की. पैसे वाचतील.

जयाबाई : जिन्याच्या मधल्या पायऱ्या काढून लाकूड वाचवतोस व्हय? नंबर चढंल तसा कागद बारीक, एकेका नंबरानं मागच्याच्या रेघा काढायच्या असत्यात. उडी मारली की खालच्या रेघा तशाच ऱ्हात्यात.

शिवराज : बरं ओ. हे घ्या तुकडे. पण दुकानात घासून बघायची पद्धत नाही हं आमची.

जयाबाई : भाजीवाली वांगं दाबून बघू देती. साडीवाला अख्खा पदर उलगडतोय. तुजा पेपरच तेवढा सोवळ्यातला? बस गप. भावजी, तुमीबी बसा. दोनला अजून येळ हाय.

(जयाबाई दुसरी कांडी मांडीवर धरून टोकाकडचा भाग उभा उभा घासते. एक तुकडा ठेवून दुसरा घेते.)

शिवराज : आडवं नाही घासत ओ तुम्ही. उभं घासताय.

जयाबाई : धागा जातो तसंच घासायचं. शेवटचा हात लेथ बंद करून, उभा. येळ लागतो. म्हनून पिरनवाडीत कोन करत न्हाय. आनि कापडी असल्यामुळं बघ, कांडीच्या गळ्यात कसा वाकून बसतोय. लाल पेपर हितं फाटला असता दोनदा.

शिवराज : वाळूपण नाही पडली मांडीवर.

जयाबाई : पाच लाल कागदांचं काम ह्यो एकटा करतोय. मग महाग कुठला झाला सांग. घ्या भावजी. ही कांडी, हा धागा. तुमीच वडा.

भरमा : तुमीच वडा की.

जयाबाई : न्हाय. मी वडलं तर म्हनशीला, वैनीनं हळू वडलं. हिसका मारून वडा.

भरमा : गेला.

जयाबाई : परत.

भरमा : गेला की. लागतबी न्हाय हाताला. शिवराज, तू बघ रं.

शिवराज : लोण्यातनं गेल्यागत जातोय ओ. मघाच्या कांडीवर परत ओढू काय? हां. अडकला. इथंच अडकला.

भरमा : पाहिजे तर ह्येच कागद मी आमच्या फॅक्टरीतनं आनून… न्हाय, ऱ्हाऊ दे. चष्मा घरात ऱ्हायलाय माझा, न्हायतर मलाबी दिसल्या असत्या रेघा.

जयाबाई : चष्मा तुमच्या खिशात हाय, भावजी.

शिवराज : अक्का, किती कापू? चारही नंबर?

जयाबाई : चारीबी. दोन-दोन फूट. रोलच्या आतल्या बाजूचं काप, वरचं न्हाय. वरच्याला हवा लागून सर्द झालंय, दुमडून बघितलं मी. आनि ऐंशीचा कापडीच दे एक फूट. लाल गठ्ठा उचलून ठेव तुजा.

शिवराज : मला सांगा ओ, पिरनवाडीतनं दुसरं कोण आलं तर काय देऊ त्यांना?

जयाबाई : आदी इचार, काय करायला पाहिजे म्हनून. मग दे. इचारल्याशिवाय बांदायचं बंद कर आता. बापाची रीत असली तरी.

भरमा : वैनी, म्या एक बोलू? उद्या धा वाजता बारा कांड्या वडगावला मी न्हेतो. गाडीवरनं पंदरा मिंटात जातो. तुमास्नी बशीची दगदग नको.

जयाबाई : नको. परत आल्याल्या मीच उचलल्या, सगळ्यांच्या देखत. ह्याबी मीच न्हेनार. महादेवच्या समोर धागा वडून दाखवनार आनि मगच देनार.

भरमा : आनि त्यातनंबी एखादी परत आली तर? शब्द दिलाय तुमी.

जयाबाई : शब्द दिला तवा मला वाटत हुतं, माजा हात गेला. हात हाय जाग्यावर. एखादी परत आली तर ती परत घासीन, पन त्यो शब्द आता धरनार न्हाय. कुनीबी धरून बसू ने.

भरमा : दादाचा त्यो डबा… कागदाचा. त्येचं काय करनार? टाकून देऊ नका म्हनतो.

जयाबाई : डबा कोन टाकतंय. त्येंच्या बोटाचं डाग हायत झाकनावर. कागद तेवढं चुलीत जातील. डब्यात ह्ये नवं ठेवायचं, नंबरवार.

शिवराज : बांधलं ओ अक्का. गुंडाळी करून दिलंय, घडी नाही घातली.

जयाबाई : आता कळलं तुला. चला भावजी, दोन वाजत आलं.

भरमा : चला. पन परशरामला काय सांगू? ऐतवारी सकाळीच येनार हाय त्यो लेथ बघायला.

जयाबाई : येऊ दे की. चा करीन. पन लांब बसूनच बघायचं म्हनावं, ऐतवारी लेथ चालू असतोय.