सगळ्यात मोठा शब्द

मुख्याध्यापिका : आधी तो प्रोजेक्टरचा पडदा बंद कर. शिपाई आत येईल.

शिक्षिका : बंद केला तरी उत्तरं आत राहतातच, बाई.

मुख्याध्यापिका : मग पुसून टाक! उद्या तपासणीची माणसं याच वर्गात बसणार, आणि तू हे काय काढून ठेवलंस?

शिक्षिका : तुम्हीच म्हणालात ना, नुसत्या स्लाइड दाखवू नकोस, मुलींना बोलतं कर. म्हणून सरावाला साधा प्रश्न टाकला. शाळेतली नावडती जागा कोणती? वाटलं, बाथरूम लिहितील, हसतील, विषय संपेल.

मुख्याध्यापिका : बरं, मग?

शिक्षिका : प्रत्येकीनं आपापल्या टॅबवर एक उत्तर द्यायचं. जे जास्त जणी लिहितात, ते पडद्यावर मोठं होतं. बघा ना. बाथरूम त्या कोपऱ्यात, एवढुसं. आणि मधोमध 'नकाशांची खोली'.

मुख्याध्यापिका : अगं, पोरीच त्या. एकीनं लिहिलं, बाकीच्यांनी री ओढली.

शिक्षिका : कशी ओढणार? मी बटण दाबेपर्यंत एकीचं दुसरीला दिसत नाही. एकोणीस जणींनी एकमेकींना न विचारता तीच खोली लिहिली. बटण दाबलं आणि एकीनंही मान वर केली नाही.

मुख्याध्यापिका : अंधारी आहे ती खोली. धूळ आहे, झुरळं आहेत.

शिक्षिका : किल्ली कुणाकडे असते?

मुख्याध्यापिका : माहीत असून विचारू नकोस.

शिक्षिका : भूगोलाच्या सरांकडे. नकाशा आणायला एकटीलाच पाठवतात. मग मागून स्वतः जातात.

मुख्याध्यापिका : हळू बोल! चार महिन्यांत निवृत्त होतोय तो माणूस. जाईल आपल्या पायांनी. झाकली मूठ राहू दे. तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही, तेवढं ध्यानात ठेव.

शिक्षिका : चार महिने त्या मुलींनी काय करायचं? मी पुसणार नाही. उद्या पहिलं हेच लावणार.

मुख्याध्यापिका : लाव. एक तरी नाव आहे का त्यात? कोण विश्वास ठेवणार? आणि वर हा आकडा कसला?

शिक्षिका : एकूण उत्तरं. एकोणतीस.

मुख्याध्यापिका : वर्गात अठ्ठावीस मुली. बघ! यंत्रच चुकतंय. मी त्यांना सरळ हेच सांगेन.

शिक्षिका : चुकत नाही. मुली गेल्यावर एक मी लिहिलं. मीही याच शाळेची, बाई. सातवी ब.



मुख्याध्यापिका : अगं... मग तेव्हाच सांगायचंस.

शिक्षिका : सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही आमच्या वर्गशिक्षिका होतात. मधल्या सुट्टीत, तुमच्या टेबलापाशी उभी राहून सांगितलं.

मुख्याध्यापिका : मला... मला आठवत नाही. काय म्हणाले मी?

शिक्षिका : आत्ता म्हणालात तेच. अंधारी आहे, धूळ आहे, झुरळं आहेत.