भजनातला माठ

भूमच्या स्टँडवर तुळजापूरच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर गोधडीत गुंडाळलेला माठ. एक तरुण बाई तिच्याजवळ येऊन टेकली.

"मावशी, घोटभर पाणी द्या की."

"ह्यात पाणी न्हाय बाई. हा वाजवायचा हाय, भजनातला."

"तुम्ही वाजवता व्हय?"

"आमचं मालक वाजवायचं. चैतात गेलं."

"मग आता कुठं नेताय?"

"तामलवाडीच्या भजनी मंडळाला द्यायला. मालकाच्या हाताखाली शिकलेला एकजण हाय तिथं."

"त्याला कुंभाराकडं मिळंल की दुसरा."

"दुसरा असा बोलत न्हाय. मालकाला न्यायच्या वक्ताला मडकं आणायचं कुणाच्याच ध्यानात न्हवतं. दिरानं खुंटीचा हाच काढला, पाणी भरलं, लेकाच्या खांद्यावर दिला."

"अगं बाई! ते तर मसणात फोडत्यात."

"म्हणून तर म्या वढून घेतला. भावकी म्हणली, बाई येडी झाली."

"मग फोडलं काय?"

"घरातला पाण्याचा माठ दिला. उन्हाळाभर आमी कोमट पाणी पिलो."