साक्षीची तालीम

अगं नाही, ‘मला ठाऊक नाही’ असं तर मुळीच म्हणायचं नाही. उद्या शब्बाथाला, उपासनेच्या दिवशी, सगळ्या मंडळीसमोर उभी राहशील, वडीलजन विचारतील, देवाची कृपा तुझ्यावर कधी झाली, कशी झाली — तर एक दिवस सांगायचा, एक जागा सांगायची. जहाजावर म्हण. वादळात म्हण. ते त्यांना पटतं, तिथे सगळेच घाबरलेले होते ना. आणि रडायचं — बोलून झाल्यावर नव्हे, बोलता बोलता, नाहीतर पाठ केलेलं वाटतं. बस, ती कणसं सरकव. खोकतंय का गं बाळ? खोकतंय.

खोटं कसं बोलू म्हणतेस? बघ बाई. मी खरं बोलले होते. माझा नवरा जेबेझ वाटेतच तापानं गेला, त्याची साक्ष राहूनच गेली, मी पोटुशी — पोर झाल्यावर उभी राहिले आणि म्हटलं, मला देवाकडून काही ऐकू आलं नाही, मी नवऱ्यामागे आले, तो म्हणाला समुद्रापार नव्या मुलुखात कुणी जबरदस्तीनं गुडघे टेकायला लावणार नाही, म्हणून आले. वडीलजनांतले मर्सर म्हणाले, बाई, अजून थोडी वाट पाहा. चांगला माणूस हो, वाईट इथे कुणीच नाही, तेच तर दुखणं आहे. साक्ष पटल्याशिवाय मंडळीत घेत नाहीत, आणि आईबापांपैकी एकही मंडळीत नाही, तर मुलाला बाप्तिस्मा नाही. पाहिली मी वाट. माझ्या तान्ह्या होपस्टिलनं नाही पाहिली.

पाळकसाहेब म्हणाले, पाण्यानं काही होत नसतं, देवानं आधीच ठरवलेलं असतं. होत नसतं, तर द्यायला काय जात होतं तुमचं? आणि तिकडे मायदेशी, ज्या बिशपच्या नावानं बोटं मोडत आम्ही घरदार विकलं, त्याच्या देवळात चोराच्या पोराच्याही डोक्यावर पाणी पडायचं. आईला कुणी काही विचारत नव्हतं. इथे आम्ही मोकळे. जेबेझ भेटला तर विचारणार आहे मी त्याला, कोण मोकळं झालं रे?

बरं, तुझा नवरा मासे धरून परत येऊन साक्ष देईपर्यंत थांबायचं नाही म्हणतेस ना? मग उठ, पुन्हा एकदा म्हण. बाळ दे इकडे, मी धरते.

अंग भाजतंय गं याचं. कधीपासून? — सकाळपासून? आणि तू मला आत्ता सांगतेस?

नको, घे, घे तूच. मी नाही धरत.

रडतेस होय. हे बघ, हे असंच. पुसू नकोस. उद्या हेच, अगदी हेच. शिकवायचं काही उरलं नाही, जा आता.